कण्हेरखेडची पाटीलकी व कै. माधवराव शिंदे

१

रविवार, ता. ३० सप्टेंबर २००१ रोजी दुपारी उत्तर प्रदेशातील मैनपुरी जिल्ह्यात, भोगाव नजीक, खराब हवामानात एक लहान विमान कोसळले व त्यातील आठही माणसे मृत्युमुखी पडली. लोकसभेचे सभासद व माजी केंद्रीय मंत्री माधवराव जिवाजीराव शिंदे हे त्यांपैकी एक होत. ते कानपुरास सभेकरिता निघाले होते. वय छप्पन्न वर्षांचे होते. या गोष्टीस सुमारे दोन तपांचा काळ लोटला असून तत्कालीन राजकारणाचा धुरळाही पुष्कळसा खाली बसला आहे. तेव्हा या पुरुषाचा व त्याच्या कुलाचा विचार इतिहासाच्या दृष्टीने करावयास हरकत नाही, असे समजून आम्ही प्रस्तुत लेख लिहीत आहो.

विमानासह नाहीशा झालेल्या अधिकारी पुरुषांची यादी लहान नाही. गुजराथचे मुख्यमंत्री बळवंतराय मेहता यांचे विमान १९६५ च्या युद्धात शत्रूने पाडले. डॉ. होमी भाभा १९६६ साली आल्प्स पर्वतात गेले. केंद्रीय मंत्री मोहन कुमारमंगलम १९७३ साली दिल्लीजवळ, लोकसभेचे सभापती बालयोगी २००२ साली आंध्रात, त्याच प्रांताचे मुख्यमंत्री राजशेखर रेड्डी २००९ साली, आणि एके काळी राजकोट शहराचे महापौर असलेले व पुढे गुजराथचे मुख्यमंत्री झालेले विजय रूपाणी २०२५ साली अहमदाबादेस याच रीतीने गेले. माधवरावांचे प्रकरण या सर्वांहून एका बाबतीत निराळे आहे. हा पुरुष स्वतः नागरी विमान वाहतूक खात्याचा मंत्री होता, आणि एका विमानाच्या अपघाताची जबाबदारी आपलीच असे म्हणून त्याने ते पद सोडले होते. त्या अपघातात एकही मनुष्य मेला नव्हता.

हे वर्तन त्या वेळी पुष्कळांस चमत्कारिक वाटले. कित्येकांनी ते आधुनिक लोकशाहीचे भूषण म्हणून वाखाणले, तर कित्येकांनी त्यात राजकीय डाव पाहिला. आमचे म्हणणे असे की, या कृत्याचा अर्थ लावावयाचा तर शिंद्यांच्या राजपदाकडे न पाहता त्यांच्या त्याहून जुन्या पदाकडे, म्हणजे कण्हेरखेडच्या पाटीलकीकडे पाहिले पाहिजे. ग्वाल्हेरच्या दरबारी बिरुदांची माळ मोठी आहे; परंतु त्या सर्वांच्या तळाशी ‘पाटील’ हा एकच साधा शब्द आहे.

सोलापूरच्या बाजूच्या वाचकांस या विषयाशी आपला काय संबंध, असे वाटण्याचा संभव आहे. संबंध दोन आहेत. पाटलाच्या जबाबदारीचा शास्त्रार्थ ज्या ग्रंथात स्पष्ट केला आहे, तो ग्रंथ आमच्या पूर्वेस असलेल्या कल्याणीस रचला गेला. आणि शिंद्यांच्या घराण्याची एक ठळक खूण आमच्याच जिल्ह्यात पंढरपुरास उभी आहे. दोहोंचा विचार पुढे येईल.

२

शिंद्यांचे मूळ गाव कण्हेरखेड. हे सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यात आहे. तेथील पाटीलकी या घराण्याकडे होती. शाहू महाराज औरंगजेबाच्या छावणीत अटकेत असता त्यांचे जे विवाह झाले, त्यांत एक वधू सिंदखेडच्या जाधवांची व एक कण्हेरखेडच्या शिंद्यांची होती, असे ग्रांट डफने नमूद केले आहे. यावरून घराणे प्रतिष्ठित होते, एवढे उघड आहे.

याच्या उलट माल्कम साहेबाने १८२३ साली छापलेल्या मध्य हिंदुस्थानच्या वृत्तांतात राणोजी शिंदे हा पेशव्यांचे जोडे सांभाळीत असे, अशी कथा दिली आहे. जोडे छातीशी धरून झोपी गेलेल्या राणोजीची निष्ठा पाहून पेशव्यांनी त्यास वर चढविले, ही आख्यायिका सर्वांच्या परिचयाची आहे. ही खरी मानावी की खोटी, यावर बरीच शाई खर्ची पडली आहे. आमच्या मते या दोन गोष्टींत विरोध मुळीच नाही. पाटीलकी हे वतन होते, रोजची भाकरी नव्हे. एका वतनावर भावाभावांची घरे वाढली म्हणजे धाकट्या शाखेतील तरुणांनी शिलेदारी, बारगिरी किंवा हुजऱ्याची चाकरी धरावी, हा देशावरील सर्रास प्रघात होता. चाकरीने वतनाचा मान जात नसे. गावी परत आल्यावर तो मनुष्य पाटलांच्या घरचाच असे.

शिंद्यांचे मूळ याहून मागे नेण्याचेही प्रयत्न झाले आहेत. चालुक्यांच्या वेळी कर्नाटकात सेंद्रक व पुढे सिंद नावाची मांडलिक घराणी होती; सिंद आपणांस नागकुलोत्पन्न म्हणवीत, आणि ग्वाल्हेर संस्थानच्या राजचिन्हातही नाग आहेत. नामसादृश्य मोहक आहे खरे. तथापि मध्ये पाच-सहाशे वर्षांची पोकळी असता केवळ नाव व चिन्ह यांवरून रक्तसंबंध ठरविणे धाडसाचे होईल. पाटीलकी मात्र पक्की आहे, म्हणून तिच्यावरच आम्ही उभे राहतो.

३

पाटील म्हणजे काय? सारा वसूल करणारा, असे सरसकट उत्तर दिले जाते. ते अपुरे आहे. धर्मशास्त्रात त्याचे नाव ग्रामभर्ता असे आहे, व त्याचा विचार चोरीच्या प्रकरणात केलेला आढळतो. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायातील नियमाचा आशय असा: गावात खून किंवा चोरी झाली व गुन्हेगाराचे पाऊल गावाबाहेर गेल्याचे दिसत नसेल, तर दोष ग्रामभर्त्याचा. आपल्या सीमेत घडले असेल तर नुकसान गावाने भरावे. नाही तर पाऊल ज्या गावात शिरले असेल त्याने भरावे. गावांपासून कोसाच्या पलीकडे घडले असेल, तर पाच किंवा दहा गावांनी मिळून भरावे.

या स्मृतीवरील मिताक्षरा ही टीका विज्ञानेश्वराने कल्याणीस लिहिली. त्या वेळी तेथे सहावा विक्रमादित्य चालुक्य (इ. स. १०७६-११२६) राज्य करीत होता. कल्याणी म्हणजे हल्लीचे बसवकल्याण. सोलापुराहून पूर्वेस काही मजलांवर. आमचा हा मुलूख त्या राज्याचाच भाग होता. तेव्हा हा नियम कोणा दूरच्या पंडिताने कल्पनेने रचलेला नसून याच काळ्या मातीतील गावांस तो लागू होत असावा, असे मानण्यास जागा आहे.

विशेष हे की, सातशे वर्षांनंतर मराठी गावगाड्यात तोच नियम जिवंत सापडतो. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ साली नव्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या जबाबदारीचे हे वर्णन आहे. चोरी झाली म्हणजे गावच्या रखवालदाराने चोराचा माग काढावा. माग शिवेपर्यंत नेऊन शेजारच्या गावच्या रखवालदाराच्या हवाली करावा. त्याने पुढे न्यावा. ज्या गावच्या हद्दीत माग नाहीसा होईल, त्या गावाने भरपाई करावी. गावाच्या वतीने या सर्वांचे उत्तर सरकारास द्यावयाचे ते पाटलाने.

या नियमात दोन अंगे आहेत, व दोन्ही ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. पहिले असे की, पाटलाने स्वतः चोरी केली काय, हा प्रश्नच विचारला जात नाही. दोष त्याच्या हाताचा नव्हे, हद्दीचा. हद्द त्याची, म्हणून उत्तर त्याचे. दुसरे असे की, यातून सुटण्याची वाट एकच आहे, ती म्हणजे माग शिवेबाहेर काढून दाखविणे. ‘मला ठाऊक नव्हते’ ही सबब येथे चालत नाही. ‘जबाबदार’ हा जो शब्द आपण आज सहज वापरतो, तो फारसीतून आला असून त्याचा सरळ अर्थ जबाब देणे ज्याच्याकडे आहे तो, असा होतो. तेव्हा पाटील हा गावचा पहिला जबाबदार होय.

४

या पाटलाच्या घरातून जे पुरुष बाहेर पडले त्यांचे शेवट पाहू लागले असता एक गोष्ट मनात भरते. बाजीराव पेशव्यांच्या वेळी माळव्यात शिंदे, होळकर व पवार यांची ठाणी बसली आणि राणोजीने उज्जयिनी हे आपले मुख्य ठिकाण केले. तो १७४५ साली माळव्यातच शुजालपुराकडे वारला. त्याचा वडील पुत्र जयाप्पा मारवाडच्या मोहिमेत असता १७५५ साली नागोरास दग्याने मारला गेला. दुसरा दत्ताजी १७६० च्या संक्रांतीस, ता. १० जानेवारी रोजी, दिल्लीजवळ बुराडी घाटावर अब्दालीशी लढताना पडला. त्याचे अखेरचे उद्गार म्हणून सांगितले जाणारे शब्द मराठी मुलांस अद्याप तोंडपाठ आहेत. पुढील वर्षी पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, म्हणजे ता. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर राणोजीचा पुत्र तुकोजी पडला. जयाप्पाचा तरुण पुत्र जनकोजी हाती लागून मारला गेला. सहा वर्षांच्या आत या घराने चार कर्ते पुरुष गमावले, व चौघेही घरापासून शेकडो कोस दूर.

पाचवा महादजी. तोही पानिपतावर होता. पायावर घाव बसून तो जन्माचा लंगडा झाला. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यास वाचविले व महादजीने पुढे त्यास भावासारखे वागविले. औरसपणाविषयी शंका घेऊन त्याच्या सरदारीस घरातूनच अडथळे झाले, ते ओलांडून तो वर आला. १७८२ चा सालबाईचा तह त्याने घडविला. १७८४ साली दिल्लीच्या शाहआलम बादशहाने वकील-इ-मुतलक हे पद पेशव्यांस दिले आणि त्यांचा नायब म्हणून सर्व कारभार महादजीच्या हाती आला. इतके झाल्यावरही हा मनुष्य आपणांस पाटील म्हणवी, आणि समकालीन पत्रांतून त्याचा उल्लेख ‘पाटीलबावा’ असाच वारंवार येतो. १७९२ साली बादशाही वस्त्रे घेऊन तो पुण्यास आला, तेव्हा पेशव्यांपुढे त्याने आपल्या घराण्याची जुनी चाकरी, म्हणजे जोडे, पुढे केले असे माल्कम सांगतो. पुष्कळांनी यात केवळ धूर्तपणा पाहिला. धूर्तपणा होता, हे आम्हांसही कबूल आहे. परंतु धूर्त मनुष्य लोकांस जे पटते तेच पांघरतो. ‘पाटील’ म्हटल्याने मराठी माणसाच्या मनात काही एक भरवसा उत्पन्न होत होता, म्हणूनच महादजीने ते नाव सोडले नाही. ता. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी तो पुण्याजवळ वानवडीस वारला. तेथील छत्री प्रसिद्ध आहे.

५

यापुढील वंशावळ वाचताना रक्त व वारसा यांतील भेद ध्यानी ठेवावा लागतो. महादजीस पुत्र नव्हता. त्याच्या मागे तुकोजीचा नातू दौलतराव गादीवर आला. दौलतराव १८२७ साली निपुत्रिक वारला. त्याची पत्नी बायजाबाई, कागलकर घाटग्यांची कन्या, हिने दूरच्या शाखेतील मुलगा दत्तक घेतला, तो दुसरा जनकोजीराव. तोही १८४३ साली निपुत्रिक गेल्यावर आणखी एक दत्तक झाला, ते जयाजीराव. जयाजीरावांचे पुत्र माधवराव (गादी १८८६ ते १९२५), त्यांचे पुत्र जिवाजीराव (जन्म १९१६, मृत्यू १९६१), व त्यांचे पुत्र आमच्या लेखाचे नायक दुसरे माधवराव. म्हणजे रक्ताची सरळ ओळ जयाजीरावांपासूनची. त्यापूर्वीचा सांधा दत्तविधानाचा. ‘दत्ताजीचे रक्त माधवरावांच्या अंगी होते’ अशा प्रकारची वाक्ये वृत्तपत्रांत शोभतात, वंशावळीपुढे ती टिकत नाहीत. दत्तकास रक्त मिळत नाही. पिंड, नाव व पद मिळते, आणि पदाबरोबर उत्तर देणे येते. आमच्या विवेचनास एवढेच पुरे आहे.

ही ओळ सर्वत्र उज्ज्वल होती, असेही नव्हे. दौलतरावाच्या कारकीर्दीत महादजीच्या विधवांशी जे भांडण जुंपले, ते ‘बायांचे युद्ध’ म्हणून दख्खनभर जाळपोळीस कारण झाले. त्याचा सासरा सर्जेराव घाटगे याने पुण्यात मांडलेला छळ प्रसिद्ध आहे. १८०३ साली असईस पराभव होऊन सुर्जी-अंजनगावच्या तहाने मोठा मुलूख गेला. १८५८ च्या जूनमध्ये राणी लक्ष्मीबाई व तात्या टोपे ग्वाल्हेरीवर आले, तेव्हा जयाजीराव आग्र्यास इंग्रजांच्या आश्रयास गेले. याबद्दल मराठी लेखकांनी त्यांस क्षमा केलेली नाही. पाटीलकीच्या मापाने मोजावयाचे तर गावावर प्रसंग आला असता पाटील शिवेबाहेर होता, एवढेच म्हणता येईल.

बायजाबाईचे नाव आले आहे, तर पंढरपूरचा उल्लेख केला पाहिजे. चंद्रभागेच्या काठाजवळ द्वारकाधीशाचे जे भव्य व किल्ल्यासारखे दिसणारे देऊळ आहे, ते या बाईने बांधविले. काशीस ज्ञानवापीवरील मंडपही तिचाच. १८३३ साली दत्तक पुत्राने तिला ग्वाल्हेरीबाहेर घालविले. पुष्कळ वर्षे परमुलखात काढून ती १८६३ साली वारली. उत्तरेस राज्य असलेल्या या घराण्याने आपला देव मात्र भीमेच्या काठी ठेवला, ही गोष्ट सोलापूर जिल्ह्यातील संशोधकांनी विसरू नये.

जयाजीरावांचे पुत्र माधवराव हे कर्ते संस्थानिक होते. आगगाडीची त्यांस विलक्षण आवड. दोन फूट रुंदीच्या रुळांची ग्वाल्हेर लाइट रेल्वे त्यांनी आपल्या मुलखात पसरविली. राजवाड्यातील जेवणाच्या मेजावर पाहुण्यांपुढे फिरणारी त्यांची चांदीची गाडी आजही ग्वाल्हेरीस पाहावयास मिळते. ते १९२५ साली पॅरिसला वारले. जिवाजीराव त्या वेळी सुमारे नऊ वर्षांचे होते. १९४८ साली संस्थान विलीन झाले, आणि मध्यभारत संघाचे राजप्रमुख म्हणून जिवाजीरावांनी १९५६ पर्यंत काम पाहिले. त्यांच्या पत्नी विजयाराजे यांचे मातुल घराणे नेपाळच्या राण्यांचे. विवाह १९४१ साली झाला.

६

माधवरावांचा जन्म ता. १० मार्च १९४५ रोजी मुंबईस झाला. महाराष्ट्रातील रीतीप्रमाणे नातवास आजोबांचे नाव मिळाले. शिक्षण प्रथम ग्वाल्हेरीच्या सिंदिया शाळेत, नंतर विलायतेत विंचेस्टर येथे व ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजात झाले. १९६१ साली पिता वारले, तेव्हा वय सोळा. ते नावाचे महाराज झाले. १९७१ च्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे व मान्यता रद्द झाल्यावर ते नावही कायद्याने उरले नाही. १९६६ साली त्यांचा विवाह नेपाळच्या राणा घराण्यातील कन्येशी झाला. सासरचे नाव माधवीराजे.

नाव गेले त्याच वर्षी ते लोकसभेवर निवडून आले. मतदारसंघ गुणा, पाठिंबा मातोश्रींच्या जनसंघाचा. १९७७ साली ते अपक्ष म्हणून आले व १९८० पासून काँग्रेस पक्षात गेले. विजयाराजे या भारतीय जनता पक्षाच्या अग्रणी नेत्या. म्हणजे येथून माता व पुत्र यांचे मार्ग भिन्न झाले. १९८४ साली त्यांनी ग्वाल्हेरीस अटलबिहारी वाजपेयी यांचा पराभव केला. १९७१ पासून मृत्यूपर्यंत एकही लोकसभा निवडणूक त्यांनी गमावली नाही.

१९८६ ते १९८९ या काळात ते रेल्वेचे राज्यमंत्री होते. ज्याच्या आजोबांनी संस्थानात रूळ टाकले, त्याच्या हाती सर्व हिंदुस्थानची रेल्वे आली, हा योगायोग वाचकांस मौजेचा वाटेल. पहिली शताब्दी गाडी १९८८ साली दिल्लीहून निघाली, ती ग्वाल्हेरीवरून झाशीस जाणारी. स्थानकांवर संगणकाने तिकिटे राखून ठेवण्याची व्यवस्थाही त्यांच्या कारकीर्दीत पुष्कळ वाढली. १९९० ते १९९३ पर्यंत हिंदुस्थानच्या क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते.

१९९१ साली नागरी विमान वाहतूक व पर्यटन ही खाती त्यांच्याकडे आली. १९९२ च्या अखेरीस इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी काम बंद केले. वाहतूक चालू राहावी म्हणून परदेशी विमाने वैमानिकांसह भाड्याने घेण्यात आली. ता. ९ जानेवारी १९९३ रोजी त्यांपैकी एक उझबेकी विमान, रशियन बनावटीचे टुपोलेव्ह १५४, हैदराबादेहून येऊन दिल्लीस धुक्यात उतरताना उलटले व जळाले. सुदैवाने सर्व माणसे वाचली. माधवरावांनी राजीनामा दिला व तो स्वीकारला गेला.

७

या राजीनाम्याविरुद्ध जे म्हणण्यासारखे आहे ते आधी सांगतो. एक, संपाने खाते अडचणीत होते आणि मंत्र्यास त्यातून सुटावयाचे असेल. दोन, सुमारे दोन वर्षांनी, १९९५ साली, ते पुन्हा मंत्रिमंडळात शिक्षणादी मानव संसाधनांचे खाते घेऊन आले. तेव्हा त्याग फार मोठा नव्हता. तीन, मंत्री काही विमान चालवीत नाही.

पहिल्या आक्षेपास आमचे उत्तर असे की, मनुष्याच्या अंतःकरणात काय होते, हे इतिहासाच्या कागदांवरून क्वचितच ठरते, कृत्य ठरते. दुसरा आक्षेप खरा आहे, पण त्याने कृत्याचे मोल उणे होत नाही. पाटील दंड भरल्यावर पाटीलच राहत असे. दंड भरणे म्हणजे गाव सोडणे नव्हे. तिसरा आक्षेप मात्र मूळ मुद्द्यास हात घालतो. मंत्री विमान चालवीत नाही. पाटीलही घरफोडी करीत नसे. विमाने भाड्याने घेण्याचा निर्णय त्या खात्याच्या हद्दीतला, म्हणून पाऊल तेथे शिरले. माग जेथे थांबतो तेथील अधिकाऱ्याने उत्तर द्यावयाचे, हा कल्याणीच्या पंडिताने विशद केलेला व कण्हेरखेडच्या पाटलाने पाळलेला नियम. माधवरावांनी तोच केंद्र सरकारच्या खात्यास लावला.

ते या रीतीचे आद्य प्रवर्तक नव्हेत. १९५६ च्या नोव्हेंबरात मद्रासेकडे अरियालूर येथे पूल खचून आगगाडी कोसळली व शंभराहून अधिक उतारू दगावले, तेव्हा रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्री यांनी पद सोडले होते. शास्त्रीजींच्या घरी पाटीलकी नव्हती. यावरून ही वृत्ती कुणा एका कुलाची मिरासदारी नाही, हे स्पष्ट होते. ज्यास पदाचा अर्थ कळला त्याची ती आहे. मात्र अरियालूरला शंभरावर प्रेते होती, दिल्लीस एकही नव्हते. प्राणहानी नसता उत्तर द्यावयास उभे राहणे ही पायरी त्याहून अवघड आहे. कारण त्या वेळी कोणी उत्तर मागत नाही.

१९९६ च्या जानेवारीत हवाला प्रकरणी आरोप आला, तेव्हाही त्यांनी मंत्रिपद सोडले. पक्षाने उमेदवारी दिली नाही. ते स्वतंत्र पक्ष काढून ग्वाल्हेरीहून निवडून आले, पुढे आरोपातून मोकळे झाले व स्वपक्षात परतले. येथेही क्रम तोच: आधी जागेवरून उठणे, मग उत्तर.

परंतु नियमाचे दुसरे अंग विसरून चालणार नाही. जुन्या गावात भरपाई हा शेवटचा उपाय होता. खरे काम माग पुढे नेण्याचे. ज्याने नुसता दंड भरला व माग काढला नाही, त्याच्या गावी पुन्हा चोरी होणारच. आज अपघात झाला म्हणजे एक तर कोणी राजीनामा देत नाही, सर्वांत खालच्या चाकरावर खापर फुटते व तो बहुधा मेलेला असतो. नाही तर राजीनाम्याचाच इतका गाजावाजा होतो की, पाऊल कोठून आले हे पाहण्याचे राहून जाते. आमच्या मते अर्धी पाटीलकी दोन्हींकडे बुडते. अधिकाऱ्याने पद सोडावे की न सोडावे, यावर दुमत होऊ शकेल. माग शिवेपर्यंत नेला पाहिजे, यावर होऊ नये.

८

२००१ हे वर्ष शिंद्यांच्या घरास जड गेले. ता. २५ जानेवारी रोजी विजयाराजे वारल्या. आठ महिन्यांनी पुत्र गेला. माधवराव त्या वेळी लोकसभेत काँग्रेस पक्षाचे उपनेते होते. त्यांच्याबरोबर त्यांचे स्वीय सचिव, दोन वैमानिक आणि वृत्तपत्रे व दूरचित्रवाणीची चार माणसे होती. बखरीत सरदाराचे नाव राहते व बारगिरांचे जाते, हा आपल्या इतिहासाचा जुना दोष आहे. पानिपतावर जनकोजीच्या डेऱ्याभोवती कोण कोण पडले, हे आपण आज कागदोपत्री शोधीत बसतो. भोगावच्या शिवारात सरदाराबरोबर सात माणसे आपापली चाकरी करीत असता गेली, एवढी तरी नोंद या लेखात राहावी. माधवरावांचा अंत्यविधी ग्वाल्हेरीस पूर्वजांच्या छत्र्यांजवळ झाला.

त्यांचे पुत्र ज्योतिरादित्य (जन्म १९७१) हे त्याच जागी लोकसभेवर गेले. २०२१ ते २०२४ या काळात नागरी विमान वाहतूक हेच खाते त्यांच्याकडे होते. पित्याने सोडलेली व ज्या वाटेने पिता गेला तिची राखण करणारी जागा पुत्राकडे यावी, हा प्रसंग आमच्या माहितीत दुसरा नाही. त्यांच्या राजकारणाविषयी लिहिणे आमचे काम नव्हे. ते काम पुढील पिढीच्या संशोधकांचे आहे.

शेवटी संग्राहकांस एक विनंती. शिंद्यांच्या दिल्लीकडील कारभाराचे कागद पुष्कळ छापले गेले. राजवाड्यांनी १८९८ साली साधनांचा पहिला खंड काढला, त्यातच पानिपतापूर्वीचा शिंद्यांचा पत्रव्यवहार विपुल आहे. परंतु गावच्या पाटलाने उत्तर कसे दिले, याचे कागद, म्हणजे चोरीच्या मागाविषयीचे कतबे, शिवेवरील महजर, भरपाईच्या याद्या व गोतसभेचे निवाडे, हे लढायांच्या पत्रांसारखे चमकदार नसल्यामुळे मागे पडले आहेत. असे कागद सोलापूर, पंढरपूर, मंगळवेढे, करमाळे, बार्शी या बाजूस कुळकर्णी-पाटलांच्या घरी रुमालांत बांधलेले अद्याप सापडतात व दर पावसाळ्यात काही वाळवीच्या तोंडी जातात. पंढरीच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांतही यात्रेस आलेल्या घराण्यांच्या नोंदी असतात. ज्यांचे संग्रही असे काही असेल त्यांनी त्याची नक्कल तरी करून मंडळाकडे धाडावी. साम्राज्य कसे मिळविले, हे आपण बरेच जाणतो. गाव कसे राखले व न राखल्यास उत्तर कोणी दिले, हे त्या रुमालांत आहे.